तारखेची जागा मोकळी

पहिल्यांदा आल्या तेव्हा प्रबंध होता.
तीनशे बारा पानं, चार प्रती,
हिरवा कापडी पुठ्ठा, सोनेरी अक्षरं.
"परकार, पान एकशे चाळीस सांभाळून,
नकाशा आहे, घडी चुकवू नकोस."
मी चुकवली. त्या काही बोलल्या नाहीत.

विषय फलजचा. इब्रातल्या जुन्या पाटाचं पाणी
दिवसा काठीच्या सावलीवर, रात्री ताऱ्यांवर वाटलं जायचं;
अमुक तारा डोंगराआड गेला
की नासरच्या खजुरांची पाळी संपली,
शेजारच्या विधवेची सुरू.
मला अरबी वाचता येते, कळते निम्मी.
पण पाटाच्या भांडणाला भाषा लागत नाही.
आमच्याकडे गुहागरात पोफळीच्या शिंपण्यावरून
दोन चुलतभाऊ
एकमेकांच्या मयताला गेले नव्हते.

मग पोस्टर. रंगीत, दोनशे.
नावाआधी 'डॉक्टर' लावायचं की नाही,
यावर त्या आणि त्यांचा भाऊ हिलाल
माझ्या काउंटरवर अर्धा तास.
तो म्हणाला, लाव, लोक मान देतील.
त्या म्हणाल्या, लोक गोळ्या मागतील.
लावलं.
बुधवारी बायकांच्या बाजारात
एका म्हातारीने खरोखरच गुडघा पुढे केला.
रय्याबाई खाली बसल्या, गुडघा नीट पाहिला,
आणि विचारलं,
तुमच्या गल्लीत दिवे कुठवर आहेत?

मला मत नाही. सव्वीस वर्षं इथे
कागदावर शाई उमटवली, बोटावर नाही.
तरी निकालाच्या रात्री दुकान उघडं ठेवलं.
एकशे सहा मतांनी आल्या.

मग चार वर्षं नुसते अर्ज.
कचऱ्याचे डबे, भटक्या शेळ्या,
शाळेमागे उभा राहणारा सांडपाण्याचा टँकर.
प्रबंधाची सवय सुटेना:
एका गतिरोधकाला नऊ तळटीपा.
कारकून सालिम माझ्याकडे चहाला येऊन हसायचा,
"मजलिसला शिफारस करता येते, परकार,
रस्ता करता येत नाही. बाईंना कोण सांगणार?"
बाईंना ठाऊक होतं.
'वादीच्या उतारावरची मोरी मोठी करावी'
हा कागद मी सतरा वेळा काढला.
दर वेळी तारीख नवी, बाकी तोच.
शेवटी न विचारताच
तारखेची जागा मोकळी सोडून
दहा प्रती जास्तीच्या काढून ठेवल्या.

अठराव्या वेळेआधी वादी आली.
दोनच तास.
एक पिकअप गेली, रिकामी, अल्लाची मेहरबानी.
माझ्या दुकानात गुडघाभर चिखल,
कागदांची रिमं फुगून पावासारखी.
लोक म्हणाले, आपली सदस्य करत काय होती?
मी म्हटलं, दाखवा ना ते सतरा कागद.
त्या म्हणाल्या,
"पाणी फुटल्यावर तारखा दाखवणारा पाटकरी
आमच्यात कोणी ठेवत नाही."

पुढच्या वेळी पोस्टर नव्हतं.
एक साधा कागद, काळापांढरा, 'डॉक्टर' गाळून.
एकोणचाळीस मतांनी पडल्या.

नव्या सदस्याचं टायरचं दुकान आहे. माणूस वाईट नाही.
दुसऱ्याच महिन्यात आला,
मोरीचा अर्ज टाइप करून हवा म्हणाला.
मी खण उघडला.
दहातल्या सात चिखलातून वाचल्या होत्या.
एक पुढे ठेवली. त्याने वाचली,
आणि बोट ठेवून विचारलं, खाली हे बारीक काय?
म्हटलं, असू दे, काढायला वेगळे पैसे पडतात.

काल त्या आल्या. प्रश्नपत्रिका, बावीस प्रती.
प्रश्न तिसरा: पाणी थोडं, पाळ्या जास्त,
तर आधी कोणाची बाग? कारणे द्या.
माझ्याकडे सुट्टे नव्हते.
राहू दे, म्हणाल्या, आणि दारात थांबून:
"मोरीचं?"
खुणेचे दोन पिवळे खांब रोवलेत, मी म्हटलं.
"किती अंतरावर?"
आता हे मी कुठे पाहिलं होतं.
म्हटलं, सकाळी दुकान उघडण्याआधी
पावलांनी मोजून सांगतो.